बालरुग्णालय कुठे असावे? जागेआधी वेळ मोजा

गावात एखादी सार्वजनिक इमारत व्हायची म्हटली की पहिला प्रश्न निघतो : जागा कोण देतो? कुणाचे पडीक रान असते, कुठे गायरानाचा तुकडा असतो, कुणाला वडिलांच्या नावाने दान द्यायचे असते. जागा मिळाली की काम मार्गी लागले असे आपण समजतो. समाजमंदिराच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. मुलांच्या रुग्णालयाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न पहिला नाही, शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा : आजारी पडलेले सर्वांत लांबचे आणि सर्वांत गरीब घरातले मूल तिथे किती वेळात पोहोचेल?

या वेळच्या आरोग्य पानावर हा विषय अभ्यासासाठी घेतला आहे. उदाहरण म्हणून इंदापूर तालुक्यातील शेळगाव आणि त्याच्या आसपासचा बारामती-इंदापूर पट्टा डोळ्यांसमोर ठेवू. शेळगावला असे रुग्णालय मंजूर झाले आहे, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. पण उद्या ग्रामसभेत असा विषय निघाला तर आपल्याला काय बोलायचे आहे, हे आज ठाऊक असले पाहिजे.

मुलांचे आजार वेगळे का?

लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. ३ किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात सारे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असते. बाळाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असते. म्हणून जुलाब-उलट्यांनी मोठ्या माणसाला अशक्तपणा येतो, तर तेवढ्याच वेळात बाळ सुकून निपचित पडते. बाळाचे अंग थंडही लवकर पडते. सकाळी किरकिरणारे मूल संध्याकाळी दूध सोडते आणि रात्री त्याला धाप लागते. मुलाच्या आजारात वेळ हेच अर्धे औषध असते.

बाळंतपण आणि मुलांचे मृत्यू यांचा अभ्यास करणारे तीन विलंब सांगतात. पहिला, आजार गंभीर आहे हे ओळखून घराबाहेर पडण्यात होणारा विलंब. दुसरा, वाटेतला विलंब. तिसरा, रुग्णालयात पोहोचल्यावर प्रत्यक्ष उपचार सुरू होण्यातला विलंब. जागेची निवड वरवर पाहता फक्त दुसऱ्या विलंबाशी निगडित दिसते. प्रत्यक्षात ती तिन्हींना भिडते. रुग्णालय फार लांब असेल तर घरचे ‘उद्या बघू’ म्हणतात. आणि अगदी जवळ असूनही तिथे डॉक्टर नसेल, तर तिसऱ्या विलंबात मूल जाते.

रझीचे मांस आणि परळचे रुग्णालय

रुग्णालयाची जागा निवडण्याची एक जुनी आख्यायिका आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये अल-रझी नावाचे नामवंत वैद्य होते. नव्या रुग्णालयासाठी जागा सुचवायला सांगितल्यावर त्यांनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जिथला तुकडा सर्वांत उशिरा कुजला ती जागा निवडली, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातला धडा खरा आहे. जागा कुणाच्या मर्जीने नव्हे, कसोटी लावून निवडायची असते.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईतल्या परळचे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळ-लालबाग म्हणजे गिरण्यांची वस्ती. कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे एकेका खोलीत राहत. १९२६ साली तिथे केईएम रुग्णालय सुरू झाले. त्याच साली शेजारी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले. १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. ज्या वाडिया घराण्यातल्या बंधूंनी ते उभारले, त्यांच्या स्वतःच्या कापड गिरण्या होत्या. ऐपत होती, तेव्हा हे रुग्णालय मलबार हिलच्या मोकळ्या हवेतही बांधता आले असते. ते उभे राहिले कामगारांच्या चाळींजवळ.

याच परळमध्ये, पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत, बाबासाहेब आंबेडकर आणि माता रमाई अनेक वर्षे राहत होते. त्यांची चार मुले लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये, न्यूमोनियाने. त्यानंतर ३ वर्षांनी त्याच भागात बालरुग्णालय उघडले. ते आधी असते तर राजरत्न वाचलाच असता, असे म्हणता येणार नाही. त्या काळी न्यूमोनियावर पेनिसिलिनसारखे औषध नव्हते. पण आज ते औषध आहे, ऑक्सिजन आहे, लस आहे. तरीही एखादे मूल न्यूमोनियाने केवळ वाटेत वेळ गेल्यामुळे दगावत असेल, तर तो दोष आजाराचा नाही. तो आपण केलेल्या मांडणीचा आहे.

परळच्या जागेकडे आज अभ्यासू नजरेने पाहिले तर तीन गोष्टी लक्षात येतात. ज्यांच्यासाठी रुग्णालय बांधले ती माणसे तिथेच राहत होती. प्रसूतिगृह लागून होते. आणि शस्त्रक्रिया, तपासण्या व शिकाऊ डॉक्टर असलेले मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर होते. जवळपास शंभर वर्षे झाली, गिरण्या बंद पडल्या. पण ही तीन कारणे अजून जुनी झालेली नाहीत.

जागा पारखण्याच्या पाच कसोट्या

१) बाळंतपणाची जागा जवळ हवी. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास द्यावा लागतो. तिथे शेजारच्या गावातले उत्तम रुग्णालयही कामाचे नाही. नवजात बाळांसाठी पहिला दिवस आणि पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून बालरुग्णालय एका गावात आणि प्रसूतिगृह दुसऱ्या गावात, अशी मांडणी चुकीची. आई एका खाटेवर आणि बाळ ३० किलोमीटरवर, अशी ताटातूट झाली की बाळाचे दूधही तुटते.

२) डॉक्टर चोवीस तास मिळाले पाहिजेत. आठवड्याचे तास १६८. एक डॉक्टर आठवड्याला ४८ तास काम करतो असे धरले, तर फक्त एक खुर्ची रात्रंदिवस भरलेली ठेवायला साडेतीन डॉक्टर लागतात. रजा, आजारपण धरले तर चार-पाच. परिचारिका, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि रक्तपेढी यांचा हिशेब वेगळाच. ही माणसे जिथे राहू शकतात आणि पुरेसे रुग्ण आल्यामुळे ज्यांचा हात सरावात राहतो, तिथेच मोठे रुग्णालय टिकते. नाहीतर इमारत उभी राहते आणि दाराला कुलूप लागते.

३) अंतर नकाशावर नव्हे, रस्त्यावर मोजा. नकाशावर दोन वस्त्या २ किलोमीटरवर दिसतात. पण मध्ये नीरा डावा कालवा असतो आणि पूल असतो पुढच्या वाडीला. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर चिखल होतो. साखर हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवतात. आषाढात बारामती-इंदापूर मार्गावरून संत तुकाराम महाराजांची पालखी जाते, तेव्हा त्या दिवसांचे वेळापत्रक वेगळे. म्हणून किलोमीटर न लिहिता मिनिटे लिहा. आणि तीही रात्रीची, पावसाळ्यातली.

४) ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्या पायांनी मोजा. दारात मोटार असलेल्या घराला २० मिनिटे लागतात. तेच अंतर वडापने जाणाऱ्या बाईला दिवसा दीड तास लागते. रात्री वडाप नसते. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत बाळाला कडेवर घेऊन चालण्याचा वेळही यात धरला पाहिजे. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्त्या बऱ्याचदा मुख्य रस्त्यापासून आत असतात, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे?

५) जागा खरोखर सार्वजनिक हवी. दवाखाना कागदावर सर्वांचा असतो. पण तो एखाद्याच्या खासगी आवारातून वाट काढून जावे लागेल अशा ठिकाणी असला, तर काही पावले तिकडे वळताना अडखळतात. सार्वजनिक रस्त्याला लागून, पूर न येणारी, बारमाही पाणी आणि वीज असलेली जागा हवी. नातेवाइकांना राहायला, स्वयंपाक करायला आडोसाही हवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेचा दवाखाना उभारताना आदिवासींनाच विचारले : तुम्हाला दवाखाना कसा हवा? लोकांना मोठी सिमेंटची इमारत नको होती. नातलगांना सोबत राहता येईल अशा, आपल्या घरांसारख्या झोपड्या हव्या होत्या. दवाखाना तसाच झाला. विचारले नसते तर हे कळलेच नसते.

हिशेब करून पाहू

आता एक सोपे गणित. आकडे काल्पनिक आहेत, पद्धत खरी आहे. एकाच रस्त्यावर पाच ठिकाणे आहेत असे समजा. ‘क’ हे शहर, तिथे ५ वर्षांखालची २००० मुले. तिथून १५ मिनिटांवर ‘ख’ गाव, ३०० मुले. २५ मिनिटांवर ‘ग’, ४०० मुले. ४० मिनिटांवर ‘घ’, २५० मुले. आणि ६० मिनिटांवर ‘च’ ही वस्ती, ५० मुले. एकूण ३००० मुले.

रुग्णालय ‘क’ शहरात बांधले तर प्रत्येक ठिकाणची मुले गुणिले मिनिटे अशी बेरीज २७,५०० येते. म्हणजे दर मुलामागे सरासरी ९ मिनिटे. फार छान! पण ‘च’ वस्तीतल्या मुलाला पूर्ण ६० मिनिटे लागतात.

रुग्णालय मधल्या ‘ग’ गावात बांधले तर बेरीज ५८,५०० येते. सरासरी साडेएकोणीस मिनिटे, म्हणजे दुपटीहून जास्त. पण सर्वांत लांबच्या मुलाला आता ३५ मिनिटेच लागतात.

आता सांगा, बरोबर उत्तर कोणते? सरासरी पाहणारा म्हणेल ‘क’. शेवटच्या मुलाकडे पाहणारा म्हणेल ‘ग’. दोघांचेही गणित बरोबर आहे. सरासरीचा दोष असा की शहरातल्या २००० मुलांची सोय वस्तीतल्या ५० मुलांची गैरसोय झाकून टाकते. आणि नुसत्या शेवटच्या मुलाकडे पाहण्याचा दोष असा की चार-पाच डॉक्टर आणि रक्तपेढी ‘ग’ गावात टिकतीलच याची हमी नसते.

वाट तिसरी आहे. मोठे रुग्णालय ‘क’ मध्ये आणि ‘ग’ मध्ये पहिल्या उपचाराचे केंद्र. तिथे ऑक्सिजन, बाळाला ऊब देण्याची सोय, पहिले इंजेक्शन, झटके थांबवण्याचे औषध, सलाईन लावू शकणारी प्रशिक्षित परिचारिका आणि दारात उभी रुग्णवाहिका. आता पहिल्या उपचारापर्यंतचा वेळ मोजा. बेरीज ८,५०० येते, सरासरी ३ मिनिटांहूनही कमी, आणि सर्वांत लांबचे मूल ३५ मिनिटांवर. पुढचा प्रवास ते मूल सावरलेल्या अवस्थेत, ऑक्सिजनसह करते. म्हणून ‘रुग्णालय कुठे?’ हा एकच प्रश्न नाही. ‘खाटा कुठे, पहिला उपचार कुठे आणि गाडी कुठे?’ असे ते तीन प्रश्न आहेत.

शेळगावचे काय?

या पट्ट्यात बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे बालरोग विभाग, शस्त्रक्रिया, तपासण्या आणि शिकणारे डॉक्टर हे सारे एका ठिकाणी आहे. पुणे बारामतीहूनही सुमारे शंभर किलोमीटर आणि इंदापूरहून त्याहून दूर. तेव्हा अत्यवस्थ मुलांसाठी मोठे बालरुग्णालय व्हायचे झाले, तर ते बारामतीच्या महाविद्यालयाला आणि प्रसूतीच्या सोयीला लागून असावे, असे आमचे मत आहे. पण इंदापूरच्या पूर्वेकडच्या, नीरा आणि भीमेच्या काठावरच्या गावांना बारामती लांब पडते. त्यांच्यासाठी पुणे-सोलापूर महामार्गावरच्या इंदापुरात नवजात बाळांचा सुसज्ज कक्ष हवा.

आणि शेळगाव? शेळगावकरांना वाईट वाटेल, पण ‘आमच्याच गावात मोठे रुग्णालय’ असा हट्ट धरण्यापेक्षा पहिल्या उपचाराचे केंद्र आणि रात्री उभी राहणारी रुग्णवाहिका मागणे हेच त्यांच्या मुलांच्या अधिक हिताचे आहे. मोठी पाटी आणि रिकामी खुर्ची मुलाला वाचवत नाही. ऑक्सिजनचे भरलेले सिलिंडर आणि ते लावता येणारी परिचारिका वाचवते.

एक गट मात्र कोणत्याच यादीत नीट येत नाही. या पट्ट्यात भवानीनगरला आणि इतरत्र साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या येतात आणि हंगाम संपेपर्यंत कोप्यांत राहतात. त्यांची मुले गावच्या अंगणवाडीच्या पटावर नसतात, मतदार यादीत तर आईबापही दुसऱ्या गावचे. थंडीचे दिवस, कोपीतला धूर, पहाटे फडावर गेलेली आई. न्यूमोनियाला हवे ते सारे तिथे आहे. आपल्या हिशेबातली ‘च’ वस्ती ती हीच. मुले मोजताना हंगामात पुन्हा एकदा मोजा.

पहिली पायरी घरात

इमारत होईल तेव्हा होईल. पहिला विलंब मात्र आजपासून कमी करता येतो. गडचिरोलीत ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले. हे काम १९९९ साली जगापुढे आले. आज आशाताई जन्मानंतर ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळाला तपासतात, त्या पद्धतीचे मूळ तिथे आहे. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी उभ्या केलेल्या कामातही गावच्या आरोग्यसेविकाच कणा होत्या. त्यांतल्या अनेक जणी दलित समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या होत्या.

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर ‘उद्या’ म्हणू नका :

• मूल दूध ओढत नाही किंवा काहीच पीत नाही.
• खाल्ले-प्यालेले सगळे उलटून पडते.
• झटके येतात किंवा मूल गुंगीत आहे, हाक मारली तरी नीट जागे होत नाही.
• श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो.
• मूल शांत असताना मिनिटाला श्वास मोजा. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षे ४० किंवा जास्त असतील तर धोका.
• नवजात बाळाचे हातपाय आणि पोट थंडगार लागते, किंवा अंग तापले आहे.

१०८ क्रमांकावर फोन करा. आशाताईला कळवा. वाटेत नवजात बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. पिऊ शकत असेल तर अंगावर पाजत राहा. जुलाब असतील तर ओआरएसचे पाणी चमच्याने देत राहा. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात मात्र काही घालू नका. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली १ वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला शासकीय रुग्णालयात उपचार आणि ने-आण मोफत आहे. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

आणखी एक गोष्ट. बालरुग्णालय एखादा धर्मादाय न्यास बांधणार असेल, तर महाराष्ट्रात नियमाच्या कक्षेत येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. गावाने जमीन देताना ही अट ठरावात स्पष्ट लिहून घ्यावी.

विहारातल्या बैठकीसाठी अभ्यास

१) एका मोठ्या कागदावर आपल्या गावाचा नकाशा काढा. वाड्या, वस्त्या, कालवा, पूल, कोप्या दाखवा.
२) आशाताई आणि अंगणवाडीताईंकडून प्रत्येक वस्तीतल्या ५ वर्षांखालच्या मुलांचा आकडा घ्या. मुलांची नावे नकोत, आकडा पुरे.
३) प्रत्येक वस्तीतून प्रसूतीची सोय असलेल्या जवळच्या शासकीय रुग्णालयापर्यंत लागणारी मिनिटे लिहा. दिवसा आणि रात्री, गाडी असताना आणि नसताना.
४) मुले गुणिले मिनिटे अशी बेरीज करा. मग सर्वांत मोठा आकडा कोणत्या वस्तीचा, त्यावर गोल करा.
५) पहिल्या उपचाराचे केंद्र कुठे ठेवले तर तो गोल सर्वांत लहान होईल, यावर चर्चा करा. निष्कर्ष लिहून ग्रामसभेत मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

हा कागद हातात असला की ग्रामसभेतले बोलणे बदलते. ‘जागा कोण देतो?’ असे कुणी विचारले, तर आपण तो नकाशा पसरायचा आणि गोल केलेल्या वस्तीवर बोट ठेवून विचारायचे : इथले मूल रात्री दोन वाजता आजारी पडले, तर किती मिनिटांत पोहोचेल? ते आधी सांगा, जागेचे नंतर बघू.